महागाची सुरमई आणि स्वस्तातला बांगडा: सातपूरच्या एका पहिलटकरणीचा प्रकरण अभ्यास

मानसी (नाव बदललं आहे) माझ्याकडे आली तेव्हा तिला एकोणिसावा आठवडा सुरू होता. मार्च संपत आला होता. वय २७, पहिलटकरीण. नवरा नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात पाळीवर कामाला, राहायला तिथल्याच सातपूरला, सासर मूळचं सिन्नर तालुक्यातलं. माहेर अलिबागजवळच्या गावातलं, म्हणजे दात यायच्या वयापासून ताटात मासा बघितलेली मुलगी. सासूबाई माळकरी, दर पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला पायी जाणाऱ्या. त्यांच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा फुटत नाही. लग्न ठरतानाच हे मानसीला माहीत होतं आणि तिची त्याबद्दल तक्रारही नव्हती. बाहेर गेलं की खायचं, घरात नाही, असं तीन वर्षं निभावलं होतं.

तिच्या डॉक्टरांनी तिला आहाराच्या सल्ल्यासाठी पाठवलं होतं. हिमोग्लोबिन ९.६. ब१२ जीवनसत्त्व कमी. पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांनी उतरलेलं वजन अजून पुरतं भरून आलेलं नव्हतं. थायरॉइड, साखर, रक्तदाब ठीक. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी झालेली, त्यात काही निघालं नव्हतं. सोनोग्राफीत बाळाची वाढ आठवड्यांप्रमाणे. गर्भारपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना तो होता. म्हणजे कागदावर बघितलं तर हे अगदी नेहमीचं प्रकरण.

पण तिचा प्रश्न रक्ताबद्दल नव्हता. फाइल टेबलावर ठेवायच्या आधीच तिने विचारलं, “मॅडम, मी मासे खाऊ की नको? एकदाच काय ते सांगा. घरात रोज कुणीतरी वेगळं सांगतं.”

घरातले सल्ले

नवऱ्याला ऐकवलं गेलं होतं की बाळाच्या मेंदूसाठी मासा चांगला. तो सुट्टीच्या दिवशी हॉटेलातून सुरमई फ्रायचं पार्सल आणायचा, दोन जाड तुकड्या. बायकोला दिवस गेलेत, मग जे सगळ्यात चांगलं तेच आणायचं, आणि चांगलं म्हणजे महाग, हा त्याचा हिशेब. त्याच्याच एका सहकाऱ्याने कॉड लिव्हर ऑइलच्या पिवळ्या गोळ्यांची बाटली दिली होती, “हेच ते माशाचं तेल” म्हणून. ती बाटली अजून फोडलेली नव्हती.

नणंदेने मोबाइलवर एक चित्र पाठवलं होतं: माशाच्या पोटात पारा, खाली लाल अक्षरांत “गर्भवतींनी मासे टाळा”. आईचा फोन रोजचा. तिचं म्हणणं, आमच्याकडे पोटुशी बाई मासे खाऊनच धडधाकट राहते, मी सुकट-बोंबील पाठवते, आणि बाळंतपणानंतर मोरी (शार्क मासा) करून घालीन, दूध चांगलं येतं. सासूबाई काही बोलत नव्हत्या. पण शेजारच्या काकूंनी “मासे उष्ण, त्यात रात्री ही दूध पिते, बाळाला कोड यायचा” असं त्यांच्या कानावर घातलं होतं, आणि ते घरात घोटाळत होतं.

या सगळ्यांत वाईट चिंतणारं कुणी नव्हतं. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं खरंही होतं. परिणाम मात्र असा की मानसी आठवड्यातून एकदा सुरमई खायची आणि उरलेले सहा दिवस त्याची धास्ती घ्यायची.

मासा नंतर, आधी गोळी

मी तिला आदल्या दिवशीचं सगळं खाणं, उठल्यापासून झोपेपर्यंत, क्रमाने सांगायला लावलं. सकाळी चहा आणि बटर. दहाला पोहे, वर परत चहा. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरणभात. चारला चहा. रात्री मुगाची खिचडी. झोपताना ग्लासभर दूध, आणि त्या दुधासोबत रक्तवाढीची गोळी आणि कॅल्शियमची गोळी, दोन्ही एकदमच. विसरायला नको म्हणून दोन्ही पत्ते तिने रबराने बांधून ठेवले होते. तिने ते पर्समधून काढून दाखवले.

तिच्या ९.६ चं बरंचसं उत्तर त्या रबरात होतं. लोह आणि कॅल्शियम आतड्यात एकत्र पोचले की कॅल्शियम लोहाला अडवतं, आणि दूध म्हणजे पुन्हा कॅल्शियमच. जेवणाला लागून घेतलेला चहाही तेच करतो. गोळी पोटात जात होती, रक्तात पुरेशी उतरत नव्हती. डॉक्टरांनी तिला रक्तक्षयाच्या नियमाप्रमाणे ६० मिलिग्रॅम लोहाच्या दिवसाला दोन गोळ्या आणि ब१२ चा उपचार लिहून दिला होता. मी फक्त वेळा मांडून दिल्या. लोहाची एक गोळी दुपारच्या जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्यासोबत, दुसरी रात्री झोपताना, दुधाशिवाय. कॅल्शियम सकाळच्या नाश्त्यासोबत आणि संध्याकाळी. दूध संध्याकाळच्या गोळीबरोबर. चहा दोनदाच, जेवणापासून तासभर लांब.

हे इतकं सविस्तर लिहायचं कारण असं की माशाच्या कौतुकात लोहाची गल्लत फार होते. मासा खाल्ला की रक्त वाढतं, हा समज नाशिकमध्येही आहे आणि कोकणातही. शंभर ग्रॅम माशात लोह असतं साधारण एक-दीड मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे गर्भवतीला दिवसाला २७ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे मासा गोळीची जागा घेऊच शकत नाही. तो दुसरं एक चांगलं काम करतो: त्याच जेवणातल्या भाकरी, डाळ, पालेभाजीमधलं लोह शोषायला मदत करतो. बाजरीची भाकरी आणि बांगड्याचं कालवण हा मेळ म्हणूनच चांगला. पण ९.६ असलेल्या बाईला “मासे खा, रक्त वाढेल” म्हणून घरी पाठवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

मग मासा कशासाठी?

मुख्यतः डीएचएसाठी. हे ओमेगा-३ कुळातलं एक स्निग्धाम्ल, बाळाच्या मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या पेशींत मोठ्या प्रमाणात साठतं, आणि ही साठवण शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने होते. आईचं शरीर ते फार थोडं तयार करतं. जवस, अक्रोड यांत त्याच कुळातलं वनस्पतीजन्य अम्ल असतं, पण त्याचं डीएचएमध्ये रूपांतर होतं ते जेमतेम काही टक्के. म्हणून गर्भवतीला दिवसाला निदान २०० मिलिग्रॅम डीएचए आयतं मिळावं अशी शिफारस आहे. तेलकट माशाच्या आठवड्यातल्या दोन जेवणांत ते सहज भागतं.

याचा फायदा किती, हे मानसीच्या नवऱ्यानेच विचारलं, आणि मला तो प्रश्न आवडला. २०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने ७० चाचण्यांचा, जवळपास २० हजार स्त्रियांचा एकत्र आढावा घेतला होता. ओमेगा-३ जास्त मिळालेल्या गटात ३७ आठवड्यांआधी होणाऱ्या प्रसूती १३.४ टक्क्यांवरून ११.९ वर आल्या होत्या, आणि ३४ आठवड्यांआधीच्या ४.६ वरून २.७ वर. दुसरी संख्या मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण चौतिसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या बाळाला आणि त्याच्या घराला काय सोसावं लागतं ते नवजात अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या माणसांकडे बघून कळतं. मात्र या चाचण्यांत बहुतेक ठिकाणी कॅप्सूल दिल्या होत्या, थेट मासा नव्हे, आणि बऱ्याचशा चाचण्या सधन देशांतल्या होत्या. हेही मी त्याला सांगितलं.

थेट माशाबद्दलचा मोठा अभ्यास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातला, जवळपास १२ हजार गर्भवतींचा, २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. ज्या आयांनी आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाल्ले त्यांच्या मुलांमध्ये आठव्या वर्षी शाब्दिक बुद्ध्यांक खालच्या चौथाईत असण्याचं प्रमाण जास्त होतं. पाऱ्याच्या भीतीने मासा सरसकट बंद करण्यातही तोटा आहे, हे त्यातून पुढे आलं. हा निरीक्षणाचा अभ्यास; मासा खाणाऱ्या घरांत इतरही गोष्टी वेगळ्या असू शकतात. तरी नणंदेच्या त्या लाल अक्षरांना उत्तर देताना तो मला उपयोगी पडला.

मानसीच्या बाबतीत दुसरं कारण ब१२. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश आयांमध्ये ब१२ कमी होतं. ज्या आयांचं ब१२ कमी आणि फोलेट (फॉलिक अॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी, प्रवृत्ती सगळ्यात जास्त दिसली. आपल्याकडे फॉलिक अॅसिडची गोळी प्रत्येकीला मिळते, ते योग्यच. पण ब१२ कडे बघायचं राहून जातं. बांगड्यासारख्या माशाच्या एका जेवणात दिवसाच्या गरजेहून कितीतरी जास्त ब१२ असतं.

बाकीचं थोडक्यात: शंभर ग्रॅम माशात १८ ते २० ग्रॅम प्रथिनं, आणि शेवटच्या तिमाहीत रोजची जास्तीची गरज साधारण २२ ग्रॅमची. समुद्री माशात आयोडीन. तेलकट माशात ड जीवनसत्त्व, जे आपल्या जेवणात एरवी जवळपास नसतंच.

पारा, आणि सुरमई का नको

नणंदेने पाठवलेलं चित्र खोटं नव्हतं, अर्धवट होतं. पारा पाण्यात उतरतो, तिथल्या जिवाणूंमुळे त्याचा मिथाइल पारा होतो, तो शेवाळात, शेवाळ खाणाऱ्या लहान जिवांत, त्यांना खाणाऱ्या माशांत, आणि त्या माशांना खाणाऱ्या मोठ्या माशांत साठत जातो. मासा जितका मोठा, जितका म्हातारा आणि जितका शिकारी, तितका पारा जास्त. तो मांसात असतो, त्यामुळे धुऊन, तळून, उकळून जात नाही. वार (प्लासेंटा) ओलांडून तो बाळापर्यंत पोचतो आणि आईपेक्षा बाळाच्या मेंदूला जास्त इजा करतो. जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ मध्ये पुढे आलेल्या दुर्घटनेत हेच दिसलं होतं: कारखान्याच्या सांडपाण्याने खाडीतले मासे विषारी झाले, आणि ज्या आयांना स्वतःला फारसा त्रास जाणवला नव्हता त्यांच्या पोटी गंभीर बाधा झालेली मुलं जन्मली.

आपल्या बाजारात याचा अर्थ लावायचा तर मोरी किंवा मुशी, म्हणजे शार्क, गर्भारपणात नको. तलवार मासा, मोठा कुपा (टूना) नको. सुरमई ही इतर मासे खाणारी, वेगाने पोहणारी जात. तिच्या ज्या जाड, गोल तुकड्या आपल्याला हॉटेलात मिळतात त्या मोठ्या सुरमईच्या असतात. लहान सुरमई क्वचित खाल्ली तर आभाळ कोसळत नाही, पण दर आठवड्याचा मासा म्हणून ती निवडायची गरज नाही.

बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी हे लहान, थोड्या आयुष्याचे जीव. पारा कमी. त्यातला बांगडा आणि तारली तेलकट, म्हणजे डीएचए भरपूर. आणि किलोमागे सुरमईच्या कितीतरी खाली. पापलेट चांगलं, पण तुम्ही जी जादा किंमत मोजता ती चवीची आणि कमी काट्यांची. डीएचएसाठी बांगड्यापेक्षा त्याला जास्त मोजायचं कारण नाही.

हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. “बांगडा? तो तर आम्ही मित्र पार्टीला आणतो.” बायकोला स्वस्त मासा खायला घालायचा हे त्याच्या मनाला पटेना. माझ्याकडे येणाऱ्या घरांत हे वारंवार दिसतं. ज्या घरात महिन्याला मोजून पैसे येतात तिथे गर्भवतीसाठी खर्च करायची जिद्द मोठी असते, आणि ती सगळी जिद्द चुकीच्या माशावर, डब्यातल्या पावडरवर, परदेशी फळांवर उधळली जाते. कमी पैशात जास्त चांगलं मिळतंय हे पटवणं महागडं काही लिहून देण्यापेक्षा कठीण आहे. मी त्याला कागदावर लिहून दिलं: सुरमईच्या पार्सलचे जेवढे पैसे आठवड्याला जातात, त्यात बांगडा दोनदा येईल, वर शेंगदाणे-गूळ आणि दिवसाआड फळं येतील. आकडे त्याने स्वतः भरले. त्यानंतर वाद राहिला नाही.

कॉड लिव्हर ऑइलची बाटली मी परत करायला सांगितली. माशाच्या मांसातलं तेल वेगळं आणि यकृताचं तेल वेगळं. यकृताच्या तेलात अ जीवनसत्त्व फार असतं आणि त्याचा अतिरेक गर्भाला घातक ठरू शकतो. ही गल्लत सुशिक्षित घरांतही होते, म्हणून मुद्दाम नोंदवते.

नाशिकला ताजा मासा म्हणजे काय

आपल्याकडे समुद्राचा मासा येतो तो बर्फात, कसारा घाट चढून. मुंबईहून रात्री निघालेला माल पहाटे पोचतो. म्हणजे सकाळी घेतला तर बरा, दुपारनंतर त्याचा भरवसा कमी. मानसीचा नवरा पहिली पाळी सुटल्यावर, दुपारी साडेतीनला मासे घ्यायचं म्हणत होता. पिशवी बाइकच्या हँडलला आणि वर एप्रिलचं ऊन.

बांगड्याच्या बाबतीत हे विशेष जपायला हवं. बांगडा, तारली, कुपा या गडद मांसाच्या माशांत हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि एकदा झालेलं हिस्टामिन शिजवून जात नाही. असा मासा खाल्ला की थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगाला खाज सुटते, छाती धडधडते. लोक म्हणतात मासा उष्ण पडला, किंवा हिला माशाची अॅलर्जी आहे. पुष्कळदा तो मासा बर्फाबाहेर राहिलेला असतो, इतकंच. शेजारच्या काकूंच्या “उष्ण”मागे असा एखादा अनुभव असावा असं मला वाटतं.

म्हणून सुट्टीच्या सकाळी, आठच्या आत बाजार, सोबत झाकणाचा डबा आणि त्यात बर्फ, असं ठरलं. मानसीला मासा पारखायला शिकवायची गरज नव्हती, उलट तिने मला दाखवलं. मोबाइलवर व्हिडिओ होता: ती बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उचलते, आतली लाली बघते, पाठीवर बोट दाबून सोडते, खळगा भरून येतो की नाही ते बघते, मग शेपटी धरून मासा आडवा उचलते. ताठ राहिला तर घेते, वाकला तर परत टोपलीत. मासेवाली तिला म्हणते, “ताई, तुम्ही आमच्याकडच्या दिसता.” नवरा मागे डबा धरून उभा.

प्रमाण असं ठरवलं: आठवड्यातून दोनदा, जमल्यास तीनदा, एका वेळी साफ केलेलं साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम मांस, म्हणजे मध्यम आकाराचा एक ते दीड बांगडा. आठवड्याचं मिळून २२५ ते ३४० ग्रॅमच्या आत. कालवण जास्त, तळलेलं कमी, आणि रस्सा टाकायचा नाही, कारण माशाचं तेल त्यात उतरतं. मांस पांढरं होऊन काट्यापासून सहज सुटेपर्यंत शिजवायचं. अर्धवट शिजलेले किंवा धुरावलेले थंड मासे नकोत, आणि तिसऱ्या, कालवं हे शिंपल्यांतले जीव नीट उकळल्याशिवाय नकोत.

आईच्या सुकट-बोंबलाला मी नाही म्हटलं नाही. सुक्या माशात प्रथिनं आणि काट्यासकट खाल्लं तर कॅल्शियम भरपूर असतं. अडचण मिठाची. कोमट पाण्यात भिजवून, दोनदा पाणी बदलून, आठवड्यात एखाद्या वेळी मूठभर. रक्तदाब वाढला तर बंद.

सासूबाई

दुसऱ्या भेटीला त्या स्वतः आल्या. गळ्यात माळ, हातात मानसीची फाइल, तीही तारखेप्रमाणे लावलेली. मी त्यांना मासा पटवायच्या फंदात पडले नाही. त्यांच्या व्रतात माझं काही काम नव्हतं. मी एवढंच विचारलं, “काकू, तुमच्या घरात हे कसं जमेल, तुम्हीच सांगा.”

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माळ माझी आहे, तिची नाही. ती ज्याच्यावर वाढली ते मी कशाला सोडायला लावू? पण माझ्या ओट्यावर नको. भांडी वेगळी. अन् एकादशीला, गुरुवारी नको.”

मागच्या गॅलरीत एक शेगडी, एक कढई, एक तवा, दोन ताटं, एवढ्यावर व्यवस्था लागली. दुधाचं त्यांनी विचारलंच. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीशी जोडलेला आजार आहे, मासा आणि दूध एकत्र घेतल्याने तो होतो याला आधार नाही, हे मी सांगितलं. पण मासा दुपारी आणि दूध संध्याकाळी घेतलं तर पोषणात काहीच कमी होत नाही, म्हणून तुम्हाला अंतर ठेवायचं असेल तर ठेवा, दूध तेवढं बंद करू नका. त्यांना हे चाललं. आहारतज्ज्ञाने प्रत्येक समजुतीशी भांडायचं नसतं असं माझं मत आहे. जी समजूत ताटातून काही काढून घेते तिच्याशी भांडायचं.

मानसीने स्वतः माळ घातली असती तर? तर मी मासा लिहिलाच नसता. दूध, दही, डाळी, ब१२ चा उपचार आणि शेवाळापासून काढलेल्या डीएचएची शाकाहारी कॅप्सूल, एवढ्यावर गर्भारपण उत्तम निभावतं. मासा हा एक सोपा, चविष्ट, स्वस्त मार्ग आहे, एकमेव नाही.

जून आला

१ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मानसीला तेव्हा अठ्ठाविसावा आठवडा संपत होता, म्हणजे डीएचएची गरज सगळ्यात जास्त असण्याचा काळ नेमका सुरू झालेला. बाजारात बांगडा होता, पण शीतगृहातला, आणि भाव चढलेला. बर्फाचा मासा नीट गोठवलेला असेल तर वाईट नसतो. मात्र वितळवून परत गोठवलेला ओळखणं अवघड, मांस भुसभुशीत लागतं.

आम्ही गंगापूर आणि दारणा धरणातल्या रोहू-कटल्याकडे वळलो. गोड्या पाण्यातल्या या माशांत डीएचए बांगड्याच्या मानाने कमी, पण प्रथिनं आणि ब१२ चांगलं, आणि पारा ही चिंता फारशी नाही. शहराच्या खालच्या अंगाला, जिथे नाले गोदावरीत मिळतात तिथला मासा घ्यायचा नाही, हे मी निक्षून सांगितलं. तसाच मांगूर म्हणून मिळणारा आफ्रिकी मासा. त्याच्या पैदाशीवर देशात २००० पासून बंदी आहे, तरी तो कुठे कुठे दिसतो.

डीएचएची तूट भरायला डॉक्टरांशी बोलून शेवाळाच्या डीएचएची २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सुरू केली. जवसाची चटणी चालू ठेवली, पण तिच्यावर विसंबून नाही. श्रावण लागला तेव्हा मानसीने स्वतःहून मासा थांबवला. घरात सगळे पाळतात, मलाही पाळायचाय, असं म्हणाली. कॅप्सूल होती, त्यामुळे मला हरकत घ्यायचं कारण नव्हतं.

निकाल, आणि त्यातलं माशाचं श्रेय किती

गोळ्यांच्या वेळा बदलल्यावर महिन्याभरात हिमोग्लोबिन १०.८ झालं, चौतिसाव्या आठवड्यात ११.५. हे श्रेय लोहाच्या गोळीचं आणि तिने ती नेमाने घेतल्याचं. ब१२ उपचाराने वर आलं. ते तिथे टिकायला माशाचा हातभार लागला असावा. गर्भारपणात एकूण वजन साडेनऊ किलोंनी वाढलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण ऐन पावसाळ्यात नवव्या महिन्यात घाट उतरून अलिबाग गाठणं डॉक्टरांना पसंत नव्हतं. म्हणून आईच सातपूरला आली. ऑगस्टमध्ये, ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर, नैसर्गिक प्रसूती झाली. मुलगी, २ किलो ९०० ग्रॅम.

ती पूर्ण दिवसांची झाली ती माशामुळे, असं एका बाईवरून म्हणता येत नाही, आणि कुणी म्हणू नये. मानसीच्या ताटात पाच महिने काय पडलं एवढंच मी सांगू शकते: पुरेसं प्रथिन, पुरेसं डीएचए, पाऱ्याचा धोका कमीत कमी, आणि खाताना मनात धास्ती नाही. शेवटचं मोजायला कुठली तपासणी नाही, पण घास घशाखाली उतरण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

मोरीवरून आईशी बोलणं बाकी होतं. अंगावर दूध पाजताना पारा दुधातूनही बाळाकडे जातो, आणि डीएचएही. म्हणून बाळंतिणीलाही तेच नियम: मोरी नको, लहान मासे हवेत. दूध वाढतं ते बाळाने वारंवार ओढल्याने आणि आईने पोटभर खाल्ल्याने. आई नाराज झाली. तिच्या आजीपासूनची रीत मी मोडत होते, हे मला कळत होतं. मग तिनेच विचारलं, मांदेलीचं सुकं चालेल का? चालेल. नारळी पौर्णिमेनंतर बाजारात ताजा माल आला, आणि श्रावण सरल्यावर गॅलरीतली शेगडी परत पेटली, या वेळी आईच्या हातात. सासूबाई आतल्या ओट्यावर अळिवाची खीर आणि बाजरीची भाकरी करत होत्या.

दीड महिन्याच्या तपासणीला आई आणि सासूबाई दोघी मानसीला आणि बाळाला घेऊन आल्या. प्रसूतीनंतरही १८० दिवस लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी घ्यायची असते, आणि बहुतेक घरांत ती बाळंतपण उरकताच बंद होते. मानसीची चालू होती, कॅल्शियमपासून वेगळी. आठवड्यातून दोनदा मासा चालू ठेवायला सांगितला, हिमोग्लोबिन दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं. बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू करताना काटे काढून, कुस्करलेला मासा कसा द्यायचा, ते त्या भेटीत बोलू असं सांगून मी पुढची तारीख लिहून दिली.